‘तुम्ही म्हणाल तसं’

प्रश्न : आम्ही नागपूरच्या बेसा भागात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. यांचं नंदनवनला औषधांचं दुकान आहे, स्वतः डी. फार्म. आहेत, चोवीस वर्षं काउंटरवर उभे आहेत. एकुलती एक मुलगी यंदा बारावी झाली. विषय फिजिक्स, केमिस्ट्री, बायो. गणित अकरावीतच सोडलं होतं. मेडिकल प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला ७२० पैकी ३६८ आले : बायोत २५५, केमिस्ट्रीत ७२, फिजिक्समध्ये ४१. तिनं डॉक्टर व्हावं ही यांची फार जुनी इच्छा. निकालानंतर चौथ्या दिवशी यांनी ड्रॉपच्या, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा नीट देणाऱ्यांच्या, बॅचसाठी २५ हजार भरून जागा पक्की केली, पूर्ण फी दीड लाख आहे. मुलीला मात्र जिऑलॉजी, म्हणजे भूशास्त्र, करायचंय. दहावीपासून रामटेक-मनसरकडून आणलेले दगड तिनं खोक्यात नंबर टाकून ठेवलेत. एकदाच बोलली. हे म्हणाले, “दगडं फोडून कोणाचं पोट भरते का?” त्यावर ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं,” आणि तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलते. तिचा आतेभाऊ मेडिकलला दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे तुलना रोजचीच. मी मध्ये पडत नाही, कारण उद्या काही चुकलं तर दोष माझ्यावर येईल. ड्रॉप घेऊ द्यावा का? जिऑलॉजीत खरंच काही आहे का? आणि यांना समजवायचं कसं?

उत्तर : ताई,

पत्रात मुलीच्या बाबांविषयी बरंच आहे, तुमच्याविषयी एकच वाक्य आहे : मी मध्ये पडत नाही. सुरुवात तिथूनच करावी लागेल. तुम्हाला वाटतं, तुम्ही बाजूला उभ्या आहात. मुलीला तसं दिसत नाही. एक जण बोलतो आणि दुसरा गप्प बसतो, तेव्हा लेकरू दोघांचं मत एकच धरून चालतं. आईनं काही म्हटलं नाही, म्हणजे आईलाही हेच हवं असणार, असा तिचा सरळ हिशेब असतो.

जर्मनीतल्या डीट्रिक आणि क्राके या दोन संशोधकांनी २००९ मध्ये मुलांच्या करिअरबाबत आईवडिलांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले : आधार देणं, ढवळाढवळ करणं आणि लक्षच न घालणं. आधार असतो तिथे मुलं स्वतःहून जास्त शोधाशोध करतात. ढवळाढवळ होते तिथे आणि कुणी लक्ष घालत नाही तिथेही, मुलांना निर्णय घेणं जड जातं. तुमच्या घरी सध्या एकाच मुलीच्या वाट्याला हे दोन्ही आलेलं आहे. त्यामुळे तिचं ‘तुम्ही म्हणाल तसं’ हा होकार समजू नका. वाद घालण्यात अर्थ नाही, एवढंच तिनं त्या दिवशी ठरवलं. अशा होकारावर ड्रॉपचं वर्ष उभं केलं तर पहिले दोन महिने बरे जातात. दिवाळीनंतर टेस्टचे मार्क हलेनासे होतात, आणि तेव्हा बाबा म्हणतात, “तूच तर हो म्हटलं होतंस.” पुढची भांडणं याच वाक्यावरून सुरू होतात.

आता बाबांबद्दल. त्यांना खलनायक करू नका, मनातल्या मनातही नाही. चोवीस वर्षं दुसऱ्यानं लिहिलेली चिठ्ठी वाचून औषध काढून देणाऱ्या माणसाला आपल्या लेकीनं चिठ्ठी लिहिणारी व्हावं असं वाटतं, यात वाईट काही नाही. डॉक्टरची कमाई, मान, पेशंटची गर्दी हे सगळं त्यांनी रोज जवळून पाहिलंय. जिऑलॉजिस्ट त्यांनी एकही पाहिलेला नाही. आईवडिलांचा प्रभाव बराचसा असाच चालतो. जे आपण पाहिलं तेच मुलांना दाखवतो, आणि जे पाहिलं नाही त्याचं नाव निघालं की आधी पोटाचा प्रश्न विचारतो. हे भाषणानं बदलत नाही. दाखवूनच बदलतं, आणि सुदैवानं तुम्ही अशा शहरात राहता जिथे दाखवण्यासारखं भरपूर आहे. त्याकडे येऊच, पण आधी नीटचा हिशेब.

नीटमध्ये ‘पात्र’ या शब्दानं घरोघरी घोळ केलाय. २०२५ ला खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेघ ७२० पैकी १४४ गुणांवर होती. देशभरात बारा लाखांवर मुलं पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. त्यातल्या सरकारी जागा निम्म्याच्या आसपास. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी साधारण एकाला जागा. ३६८ हा आकडा वाईट नाही, पण तो कुठे नेतो हे गुणांवरून कळणारच नाही. पेपर कधी सोपा असतो, कधी कठीण. २०२४ ला पहिल्या क्रमांकाला पूर्ण ७२० होते, २०२५ ला ६८६. म्हणून गुण बाजूला ठेवा आणि रँक घ्या. राज्य सीईटी कक्ष दर फेरीनंतर कॉलेजवार, प्रवर्गवार निवड यादी जाहीर करतो. मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीची यादी उघडा, आपल्या प्रवर्गात नागपूरची मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी कॉलेजं, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया इथे शेवटची मुलगी कोणत्या राज्य क्रमांकावर लागली ते लिहून काढा, शेजारी आपल्या मुलीचा क्रमांक लिहा. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्यातून भरल्या जातात. एम्सचे प्रवेश केंद्राच्या फेऱ्यांमधून होतात, ती यादी वेगळी. हे काम बाबांना करायला सांगा. आकडे स्वतःच्या हातानं लिहिले की माणूस ते मानतो.

समजा या यादीवरून दिसलं की यंदासारख्याच पेपरला ५०० च्या आसपास हवेत. तर १३२ गुण वाढवायचे. कोरा सोडलेला प्रश्न बरोबर आला तर ४ मिळतात. चुकलेला बरोबर आला तर ५, कारण वजा झालेला एकही परत येतो. म्हणजे १८० पैकी २७ ते ३३ प्रश्न जास्तीचे बरोबर यायला हवेत. आता हे येणार कुठून ते बघा. बायोत ३६० पैकी २५५ आहेत, तिथे अजून पंचवीस-तीस गुण निघतील. उरलेले शंभर फिजिक्स-केमिस्ट्रीतून. फिजिक्समध्ये ४१ म्हणजे ४५ पैकी पंधराएक बरोबर आणि एकोणीसएक चूक, असं काहीतरी चित्र असणार. मुलीची ओएमआर शीट (गोल भरलेली उत्तरपत्रिका) आणि अंतिम उत्तरतालिका समोर ठेवून प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहायला लावा : धडाच झाला नव्हता, सूत्र माहीत होतं पण आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही, की अंदाजानं गोल भरला. आकडेमोड आणि वेळ यांची गर्दी जास्त असेल तर वर्षभराच्या सरावानं फरक पडतो. धडाच डोक्यात गेला नव्हता असे प्रश्न जास्त असतील तर त्याच क्लासमध्ये तेच पुन्हा ऐकून फारसं काही होत नाही.

इथे एक गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत. अकरावीत गणित सोडलेल्या मुलांचं फिजिक्स बहुतेक वेळा फिजिक्समुळे अडत नाही. लॉग, त्रिकोणमिती, सदिश, साधं डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन कच्चं राहिलेलं असतं, म्हणून गणितं सुटत नाहीत. ड्रॉप घ्यायचाच झाला तर पहिले सहा आठवडे रोज एक तास फक्त या गणिताला द्यावे लागतील. ज्या बॅचमध्ये पहिल्याच दिवशी थेट पहिल्या धड्याला सुरुवात होते, तिथे तुमची मुलगी पुन्हा त्याच जागी अडखळेल.

वर्षांचा हिशेबही घरात एकदा मोठ्यानं व्हावा. ड्रॉपनंतर लागली तर एमबीबीएसची साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. सरकारी कॉलेजमधून झाली तर एक वर्ष बंधपत्राची सेवा. मग पीजीची नीट आणि तीन वर्षं. पूर्ण डॉक्टर म्हणून उभी राहीपर्यंत अठ्ठावीस-एकोणतीस. ज्या मुलीला हे काम हवंय तिला ही वर्षं जड वाटत नाहीत. ज्या मुलीला नकोय तिच्यासाठी ती फार लांब आहेत. खासगी कॉलेजचा विचार असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी असते. ती वाचल्याशिवाय “बघू, करू काहीतरी” असं मुलीसमोर म्हणू नका. ते ऐकून मुलं मनातल्या मनात कर्ज मोजत बसतात. आणि ‘निदान डॉक्टर तरी’ म्हणून बीएएमएस किंवा बीडीएसला ढकलू नका. आयुर्वेद किंवा दातांचं काम आवडतं म्हणून जाणाऱ्या मुलांच्या त्या जागा आहेत.

आता जिऑलॉजी. आधी नागपूरचं चित्र बाबांसमोर ठेवा, कारण देशात फार थोड्या शहरांना हे भाग्य आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स, मँगनीज काढणारी मॉयल आणि खनिज शोधणारी एमईसीएल या तिन्ही सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. जीएसआय म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, त्याच्या मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला, केंद्रीय भूजल मंडळाचंही विभागीय कार्यालय शहरात, उपग्रह चित्रांवर काम करणारं राज्याचं एमआरसॅक व्हीएनआयटीच्या आवारात. याचं कारण पायाखालीच आहे. शहराच्या पश्चिमेला काळा बसाल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने खडक, कामठी-सावनेर भागात कोळसा, मनसर-कांद्री-गुमगाव पट्ट्यात मँगनीज. ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते तसे भूशास्त्राचे अभ्यासकही होते. टाकळी परिसरातले जीवाश्म त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गोळा केले, आणि हिस्लोपाइट हे खनिजाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. तुमची मुलगी मनसरचे दगड खोक्यात ठेवते, तेव्हा ती या शहराला शोभणारंच काम करते आहे.

पण मुख्यालयं आहेत म्हणून नोकरी ठेवलेली आहे, असा अर्थ काढू नका. मुलीलाही हे स्पष्ट सांगा. नुसत्या बी.एस्सी. जिऑलॉजीवर हाती फारसं काही लागत नाही. ड्रिलिंगच्या साइटवरचं किंवा सर्व्हेचं कमी पगाराचं काम मिळतं, तेही कंत्राटी. एम.एस्सी. धरूनच निघायचं. म्हणजे तीन अधिक दोन, किंवा नव्या रचनेत चार अधिक एक, कसंही धरलं तरी पाच वर्षं. मोठी सरकारी वाट म्हणजे यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३२, यातून जीएसआय आणि भूजल मंडळाची पदं भरतात, गट अ च्या जिऑलॉजिस्टचं सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१०० रुपये, भत्ते वेगळे. अडचण जागांची आहे. २०२३ ला २८५ जागा होत्या, २०२४ ला फक्त ५६. एका वर्षाच्या जाहिरातीवर आयुष्य टांगायचं नाही, म्हणून दुसरी वाट सोबत हवीच. ‘गेट’ या राष्ट्रीय परीक्षेचा जिऑलॉजी-जिओफिजिक्सचा पेपर, त्यावरून सरकारी कंपन्या कधी कधी भरती करतात. भूजल आणि बोअरवेल सर्वेक्षण, धरण-बोगदे-मेट्रोच्या पायाची तपासणी, आणि जीआयएस-रिमोट सेन्सिंग, म्हणजे संगणकावरचे नकाशे आणि उपग्रह चित्रांचं काम. यातलं शेवटचं कौशल्य पदवीच्या काळातच शिकून घेतलं तर खडकांच्या बाहेरही काम मिळतं.

गणिताचा प्रश्न इथेही आडवा येतो. पीसीबीवर, म्हणजे गणिताशिवाय फिजिक्स-केमिस्ट्री-बायोवर, बी.एस्सी. जिऑलॉजीला जाता येतं, पण सोबत कोणते विषय मिळतात हे कॉलेजगणिक बदलतं. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा द्यायची झाली तर काही संस्था गणिताची अट घालतात. म्हणून प्रवेशाआधीच दोन-तीन आयआयटींच्या पात्रतेच्या अटी वाचा आणि पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र दुय्यम विषय म्हणून घेता येईल का ते विचारा. पहिल्या वर्षी हे विचारायचं राहिलं तर तिसऱ्या वर्षी दुरुस्त होत नाही.

एक शंका मात्र आम्हाला आहे आणि ती तुम्हालाही असावी. मुलगी जिऑलॉजीकडे चालली आहे की फिजिक्सपासून पळते आहे? खनिजांच्या प्रकाशीय गुणधर्मांपासून भूभौतिकीपर्यंत जिऑलॉजीतही फिजिक्स आहेच. हे तपासायला महागडी अॅप्टिट्यूड टेस्ट लागत नाही. एका दिवशी दिलेली टेस्ट आवड सांगते, चिकाटी सांगत नाही. त्यापेक्षा चौदा दिवसांचा प्रयोग करा, दोन्ही बाजूंना सारखाच काटा लावून. रोज दोन तास फिजिक्सचा एकच धडा, समजा करंट इलेक्ट्रिसिटी, नव्यानं पहिल्यापासून. चौदाव्या दिवशी जुन्या पेपरांतले त्या धड्याचे ४५ प्रश्न घड्याळ लावून. आणि रोज एक तास तिच्या खोक्यातले वीस दगड. प्रत्येकाची नोंद : कुठे सापडला, तारीख, रंग, चमक, कठीणपणा. खनिजांच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर बोटाच्या नखाचा कठीणपणा अडीच धरतात, चाकूच्या पोलादाचा साडेपाच, क्वार्ट्झचा सात. टाइलच्या मागच्या, न चकाकणाऱ्या बाजूवर दगड घासला की रेघ उमटते, तिचा रंग लिहायचा. मँगनीजच्या दगडाची रेघ काळी किंवा काळपट तपकिरी येईल. कॅल्साइटवर व्हिनेगरचे थेंब टाकले की बारीक बुडबुडे येतील, क्वार्ट्झवर येणार नाहीत. सोबत विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून त्यातलं एक प्रकरण वाचायचं. नवा दगड हवा असेल तर रस्त्याकडेचा, ओढ्यातला. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही.

चौदा दिवसांत तुम्ही फक्त एवढं बघायचं : न सांगता ती कशाला बसते, आणि कंटाळवाण्या भागात काय करते. सुंदर दगड उचलणं सगळ्यांनाच आवडतं. एकोणिसाव्या दगडाची नोंदही पहिल्या दगडाइतकी नीट असेल, तर ती आवड खरी समजा. उलट फिजिक्सच्या धड्यात ४५ पैकी तीसेक सुटले आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड दिसला, तर डॉक्टर व्हायची इच्छा तिच्यात अजून असू शकते, हेही मोकळ्या मनानं मान्य करा.

प्रयोग चालू असतानाच एक दिवस तिघांनी लॉ कॉलेज चौकातल्या विद्यापीठाच्या पदव्युत्तर जिऑलॉजी विभागात जायचं. आधी फोन करून वेळ घ्या. तिघांनी म्हणजे बाबांसकट, दुकान अर्धा दिवस नोकरावर टाकून. प्रश्न बाबांनीच विचारावेत : मागच्या तीन वर्षांत एम.एस्सी. झालेली मुलं आज कुठे आहेत, किती जण नोकरीत आणि किती अजून तयारीत? फील्डवर्क वर्षाला किती दिवस, कुठे, मुलींची राहायची सोय काय, सोबत कोण शिक्षक असतात? खर्च किती येतो? विभागप्रमुख जे सांगतील ते ऐका, आणि मग बाहेर शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींनाही तेच विचारा. उत्तरं जुळली तर विश्वास ठेवा. “मुलीला खाणीत पाठवायचं का?” हा प्रश्न बाबांच्या मनात असणारच. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत खाणीत काम करायला मनाई केली होती. जानेवारी २०१९ मध्ये केंद्रानं ती सैल केली : तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७, लेखी संमतीनं आणि पाळीत किमान तिघी असतील अशा अटींवर. शिवाय जिऑलॉजीचं बरंच काम प्रयोगशाळेत, नकाशावर आणि संगणकावर चालतं.

मुलीशी बोलायचं कसं, ते आता. “तुला नेमकं काय व्हायचंय?” असं समोर बसवून विचारू नका, ती परत “तुम्ही म्हणाल तसं”वर जाईल. गाडीवरून तेलंगखेडीकडे जाताना, भाजी निवडताना, असं शेजारी-शेजारी असताना विचारा, आणि आधी स्वतःचं सांगा : “बेटा, त्या दिवशी मी गप्प बसले ते माझं चुकलं. माझं मत बाबांसारखंच आहे असं तुला वाटलं असेल, पण मी अजून मत बनवलेलंच नाही.” एवढं म्हणून थांबा. लगेच उत्तर मागू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेमके प्रश्न येऊ द्या. ड्रॉप घेतला तर सकाळी उठून कोणतं पुस्तक आधी उघडशील? मागच्या वर्षी जे जमलं नाही ते यंदा कशानं जमेल? बाबांनी त्या दिवशी काहीच म्हटलं नसतं, तर तू काय ठरवलं असतंस? ती बोलत असताना दुरुस्ती करायची नाही, “पण” म्हणायचं नाही. शिक्षकांना हे सगळ्यात अवघड जातं, ते सांभाळा.

यांच्याशी बोलायची वेळ रात्री दुकान बंद करून आल्यावरची नको. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, मुलगी घरात नसताना. पहिला प्रश्न हा : “तुम्हाला नेमकी काळजी कशाची वाटते?” आणि जे येईल ते कागदावर लिहा. बहुधा तीन-चार वेगळ्या गोष्टी निघतील : पोट कसं भरेल, लोक काय म्हणतील, लग्नाचं कसं, आणि हळू आवाजात, “मला जमलं नाही ते तिनं करावं.” पहिल्या काळजीला वरचे आकडे उत्तर देतात. शेवटची इच्छा तुम्ही नुसती ऐकून घ्या. त्यावर वाद नको. ती एकदा बोलून दाखवली की मुलीच्या डोक्यावरचं तिचं ओझं निम्मं होतं. त्यांनीच मुलीला सांगितलं तर फारच उत्तम : “माझी इच्छा होती, ती माझी आहे. तुझी वेगळी असू शकते.”

पैशाचं बोलणं तिघांनी मिळून करा. शिक्षणासाठी आपल्याकडे एवढे आहेत, कर्ज काढायची आपली मर्यादा एवढी, असा एक आकडा तिला कळू द्या. “तुझ्यावर एवढे घातले” हे वाक्य मात्र या घरात पुन्हा नको. आकडा कळला की मुलं जबाबदारीनं वागतात. उपकाराची आठवण करून दिली की लपवायला लागतात. भरलेले २५ हजार हे ड्रॉप घेण्याचं कारण होऊ शकत नाही. ते गेले तरी पुढचे सव्वा लाख आणि एक वर्ष वाचतं. क्लासकडे पावती घेऊन जा आणि परताव्याची अट लेखी मागा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याची उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं म्हटलंय. ते पत्रक सोबत न्या. निर्णय होईपर्यंत दुसरा हप्ता भरू नका, आणि क्लासमार्फत हप्त्यांच्या कर्जावर सही तर अजिबात नको.

आमचं मत विचाराल तर पत्रातल्या माहितीवरून पूर्ण वर्षाचा ड्रॉप घेऊ नये. ४१ गुणांचं फिजिक्स, सोडलेलं गणित आणि दुसरीकडे ओढणारं मन, या तिन्हींशी एकाच वर्षात झुंजणं अवघड आहे. दोनच गोष्टी आमचं मत बदलतील : चौदा दिवसांत फिजिक्सनं खरंच उचल खाल्ली, आणि तिनं बाबांच्या गैरहजेरीत, न विचारता, ड्रॉपचं नाव काढलं. दोन्ही हव्यात, एक पुरत नाही. बाबांना ‘दार बंद झालं’ असं वाटू नये म्हणून हेही सांगा की नीटला वयाची वरची मर्यादा आता नाही आणि प्रयत्नांचीही नाही. बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी नीट द्यायची तिला स्वतःलाच इच्छा झाली तर ते करता येतं. पण दोन्ही दगडांवर पाय ठेवायची सक्ती करू नका. प्रॅक्टिकलची हजेरी आणि क्लासची टेस्ट एकाच दिवशी येते आणि दोन्हीकडचं अर्धवट राहतं. पदवीच्या प्रवेशाची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहा, तिच्या आठ दिवस आधी निर्णय. ड्रॉपच ठरला तर पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी गॅप सर्टिफिकेट लागेल, ते लक्षात असू द्या.

या काळात तिची झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं यावर तुमची नजर असू द्या. दोन आठवड्यांहून जास्त ती खोलीतच राहिली, खाणं सुटलं, किंवा “मी नसते तर बरं” अशा अर्थाचं काही बोलली, तर करिअरचा विषय त्या क्षणी बंद. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही मोफत बोलता येतं, आणि मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीत सरळ नेता येतं.

राहिला आतेभाऊ. त्याची तुलना बंद करण्याचा उपाय नातेवाइकांना समजावणं हा नाही, त्यात उन्हाळा निघून जाईल. निर्णय झाला की आत्याकडे जाऊन एकच वाक्य सांगायचं : “आमची जिऑलॉजीला चालली आहे, आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.” कारणं द्यायची नाहीत, यूपीएससीचं नाव घेऊन वजन वाढवायचं नाही. हे वाक्य तुम्ही म्हणू नका. ते तिच्या बाबांनी म्हणावं, आणि ती त्याच खोलीत बसलेली असताना.